आधी कोणाकडे जायचं: वॉर्डात नव्याने लागलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये झाँक्या, म्हणजे रोषणाईचे देखावे, निघतात. हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल, सगळ्या जुन्या गिरण्यांच्या. गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी झाँक्या निघतात आणि राजवाड्याच्या बाजूचे रस्ते पहाटेपर्यंत माणसांनी भरलेले असतात. अशाच एका रात्री माझ्याबरोबर ड्यूटीला असलेली अनुभवी सिस्टर त्या गर्दीत अडकली. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड, ३४ पेशंट. ड्यूटीवर मी होते, आणि माझ्याबरोबर जेमतेम वर्षभर काम केलेली एक ज्युनिअर, जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, एक मावशी आणि एक वॉर्डबॉय.

सव्वाअकराला सगळं एकदम अंगावर आलं. बेड ४ वर मुतखड्याचा पेशंट, कळ असह्य होऊन त्याने वॉर्ड डोक्यावर घेतलेला. बेड ९ ची सलाइन संपत आलेली, आणि त्यांचा मुलगा मिनिटामिनिटाला येऊन "सिस्टर, बॉटल खतम हो रही है". बेड १७ ला १०२ ताप. बेड २२ चे मेहुणे मोबाइल पुढे करून उभे, पलीकडे कोणीतरी साहेब, "ज़रा बात कर लीजिए". कॅज्युअल्टीतून निरोप की एक पेशंट वर पाठवतोय. आणि बेड २८ वर सेंधव्याकडचा सोळा वर्षांचा मुलगा, संध्याकाळी पोटदुखी आणि उलट्या म्हणून भरती झालेला. तो झोपला होता. त्याची आजी खाली सतरंजीवर बसली होती आणि काहीच मागत नव्हती.

पुढे जितक्या नव्या मुलींना आणि मुलांना मी हाताखाली घेतलं, त्या सगळ्यांना ही यादी वाचून दाखवून विचारायचे, आधी कोणाकडे जाल? बहुतेक जण ४ म्हणायचे. काही ९. बेड २८ चं नाव अगदी एकदोघांच्या तोंडून ऐकलं.

मी २८ कडे गेले ते मला काही आधीच कळलं होतं म्हणून नव्हे. मला शिकवणाऱ्या सिस्टरांनी एक सवय लावली होती, तीच तुम्हाला देते. चार्ज घेतल्यावर, आणि नंतरही जेव्हा जेव्हा चार जण एकदम हाक मारतील तेव्हा, हातात ट्रे न घेता अख्ख्या वॉर्डाची एक फेरी मारायची. ३४ बेडना तीन-चार मिनिटं लागतात. प्रत्येक बेडच्या पायाशी थांबून एवढंच बघायचं: श्वास कसा चाललाय, रंग कसा आहे, हाकेला ओ देतो का, तळवा गार घामेजला आहे का. त्या वेळात कोणालाही "आले हं" याखेरीज उत्तर द्यायचं नाही. जाता जाता मी ९ च्या सलाइनचं चाक फिरवून बंद केलं आणि पुढे गेले. नव्या मुलांना सलाइन संपण्याची फार धास्ती असते, नातेवाइकांना तर त्याहून जास्त. पण उंचावर टांगलेली बाटली रिकामी झाली म्हणून माणूस दगावत नाही, फार तर विगो, म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी, जाम होते आणि दुसरी लावावी लागते. ओरडणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट तर त्या क्षणी नक्की असते की त्याचा श्वास चालू आहे, मेंदूला रक्त पोचतंय. त्याचं दुखणं खरं आहे आणि त्याला इंजेक्शन मिळालंच पाहिजे, पण पाच मिनिटांनी मिळालं तरी तो आहे.

त्या मुलाच्या पापण्या अर्ध्याच मिटलेल्या होत्या. घशात लाळ साचून घरघरत होती. हाक मारली तर ओ दिली, पण आवाज नाकातून, शब्द पुसट. मी म्हटलं, पंख्याकडे बघ. नजर वर जाईना, पापण्या उचलेनात. उशीवरून डोकं उचल म्हटलं, उचलेना. एका दमात एक, दो, तीन मोजायला लावलं, सातावर दम संपला. आजीला विचारलं, हा काल रात्री झोपला कुठे होता?

"ज़मीन पे, बेटी। खेत की टापरी में।"

मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना रात्री चावते, दंश दुखत नाही, सूज नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. सुरुवात होते पोटदुखीने. मग पापण्या, मग गिळणं, मग मान आणि शेवटी छातीचे स्नायू. असा माणूस ओरडणार कसा? त्याची ओरडण्याचीच ताकद जात असते. डॉक्टर आले, प्रतिविष सुरू झालं, पावणेबाराला नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. अकराव्या दिवशी तो आजीचा हात धरून चालत घरी गेला.

कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटलाही हीच उशीची परीक्षा लावा. पहिल्या दिवशी अॅट्रोपिनने, म्हणजे त्यावरच्या उताऱ्याने, तो सुधारतो, सगळे निर्धास्त होतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान मान ढिली पडून श्वास थांबू शकतो. आणि कृपा करून, विष घेऊन आलेल्या माणसाला बोलणी खायला लावू नका. "इतक्या लोकांना जगायचंय आणि तुला मरायचंय" असली वाक्यं मी वॉर्डात ऐकली आहेत, आणि असा पेशंट आपोआप रांगेत शेवटी ढकलला जाताना पाहिला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं गृहीत धरलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. कायदा नसता तरी आपण हेच धरायला हवं होतं.

पहिल्या फेरीनंतर कोणाला आधी हात लावायचा, याचा क्रम शाळेत शिकवतात तोच: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध. त्यात माझी भर एवढीच की श्वास खरोखर मोजा. घड्याळ धरून पूर्ण मिनिट. आपल्याकडच्या टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर बेड १ पासून ३४ पर्यंत सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला मी शेकडो वेळा पाहिला आहे. म्हणजे कोणी मोजलेलाच नसतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. २४ च्या वर गेला की बाकी आकडे कितीही छान असोत, त्या पेशंटकडे परत जायचं. बीपी हा उशिरा पडणारा आकडा आहे, विशेषतः तरुणांमध्ये. ऑपरेशननंतर आत रक्तस्राव होत असेल तर आधी नाडी वाढते, श्वास वाढतो, माणूस अस्वस्थ होऊन चादर ओढू लागतो, लघवी कमी होते. बीपी तेव्हाही ११० असू शकतं. नाडीचा आकडा वरच्या बीपीच्या आकड्याला ओलांडून गेला तर फोन उचला. लघवीचा हिशेबही सोपा आहे, वजनाच्या निम्मे मिलिलिटर दर तासाला. ६० किलोच्या माणसाला ३०. पिशवी भरली की नाही एवढंच बघून पुढे जाऊ नका, किती तासांत भरली ते बघा.

फोन कसा करायचा, हेही शिकावं लागतं. "डॉक्टरसाहेब, बेड २८ जरा बघता का" या फोनवर रात्री बारा वाजता कोणी उठत नाही, आणि त्यात सगळा दोष त्यांचा नसतो, कारण आपण काही सांगितलेलंच नसतं. मी त्या रात्री असं बोलले: "मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलतेय. बेड २८, सोळा वर्षं, पोटदुखीने भरती. आता पापण्या पडल्यात, लाळ गिळत नाही, मान उचलत नाही, एका दमात सातपर्यंतच मोजतो. काल जमिनीवर झोपला होता. मला मण्यारीचा दंश वाटतोय. तुम्ही आत्ता या, मी नळीची तयारी करतेय." पेशंट कोण, आत्ता काय दिसतंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. "मला वाटतं" म्हणायला घाबरू नका. निदान करणं आपलं काम नसेल, पण आठ तास त्या बेडजवळ आपण असतो.

आणि कोणी आलंच नाही तर? वरच्याला फोन. त्यालाही लागला नाही तर त्याच्या वरच्याला. प्रत्येक फोनची वेळ नोट्समध्ये लिहायची. कोणाची तक्रार म्हणून ते लिहायचं नसतं, पेशंटच्या बाजूने कोणीतरी दार वाजवत होतं याची ती नोंद आहे. मी एकदा पहाटे तीनला थेट युनिटच्या मोठ्या डॉक्टरांना उठवलं. दुसऱ्या दिवशी ज्युनिअर डॉक्टर माझ्याशी बोलत नव्हते. पेशंट बोलत होता.

आता काम वाटण्याविषयी. त्या रात्री मी २८ जवळून हलले नाही. मुलाला कुशीवर केलं आणि तिथूनच कामं सांगितली. ज्युनिअरला: सक्शन (घशातली लाळ ओढायचं यंत्र), ऑक्सिजन, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि इमर्जन्सी ट्रॉली इथे. वॉर्डबॉयला: कॉल बुक (डॉक्टरांना बोलावण्याची वही) घेऊन ड्यूटी रूमपर्यंत पळत जा, फोन झालाय तरी दार वाजव, डॉक्टरांना सोबत घेऊनच ये. मावशींना: आजीला बाजूला बसवा, पाणी द्या, तिच्याजवळच थांबा. विद्यार्थिनीला: बेड ४ जवळ उभी राहा, त्यांना सांग की सिस्टर दहा मिनिटांत इंजेक्शन घेऊन येतील, मग १७ चा ताप आणि नाडी घे, अंग ओल्या कपड्याने पूस, साडेअकराला मला आकडा सांग, पण त्याला थंडी भरून हुडहुडी आली किंवा तो बरळायला लागला तर साडेअकराची वाट बघू नकोस.

विद्यार्थिनीला दिलेल्या कामात काय काय होतं ते बघा. काय करायचं, कोणावर, कधीपर्यंत, कोणता आकडा किंवा कोणती खूण दिसली की धावत यायचं, आणि कोणाकडे यायचं. "१७ चं बघ ग जरा" म्हटलं असतं तर तिने कपाळाला हात लावून "ताप आहे" सांगितलं असतं. सांगून झाल्यावर समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. सुरुवातीला मला ते उद्धट वाटायचं. पण गर्दीच्या वेळी सतरा आणि सत्तावीस कानाला सारखेच लागतात.

काय द्यायचं आणि काय आपल्याकडे ठेवायचं? नव्या पेशंटची पहिली तपासणी आपण करायची. इन्सुलिन, रक्त, पोटॅशियम, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आपण. पेशंट बिघडतोय असं वाटत असेल तेव्हा त्याचे व्हायटल्स (नाडी, श्वास, बीपी, ताप) आपण घ्यायचे, कारण मोजता मोजता जे दिसतं ते आकड्यात येत नाही. स्थिर पेशंटचा ताप, नाडी, अंघोळ, कुशी बदलणं, खाऊ घालणं, चालवणं हे वाटता येतं. पण तेच काम दुसऱ्या माणसासाठी वेगळं होतं, हे ध्यानात असू द्या. भरवणं हे मावशींचं काम, पण अर्धांगाच्या पेशंटला पहिला घास आपण भरवायचा, गिळता येतंय याची खात्री झाल्यावरच चमचा मावशींच्या हातात द्यायचा. दिलेल्या कामाकडे तासाभरात एकदा जाऊन बघायचं. काम दुसऱ्याने केलं तरी पेशंट आपल्याच नावावर असतो. ज्याला काम देतोय त्याला "मला हे येत नाही" म्हणायची मुभा हवी, आणि ती कागदावर असून भागत नाही. जी सिस्टर एकदा "एवढंही येत नाही?" म्हणते, तिला पुढच्या वेळी कोणी खरं सांगत नाही.

वाटलेलं काम उलट्या दिशेनेही बातमी आणतं. आमच्या मावशी सातवी शिकलेल्या. एका सकाळी झाडू बाजूला ठेवून मला म्हणाल्या, "सिस्टर, ते बाबा पोळीचा घास गालातच धरून बसलेत." बीपी ठीक, शुगर ठीक, राउंडही होऊन गेलेला. जाऊन पाहिलं तर चेहऱ्याची एक बाजू ढिली. अर्धांगाची ती सुरुवात होती आणि तिला अजून तासही झाला नव्हता. मेंदूची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला साधारण साडेचार तासांची मुदत असते. ती मुदत आमच्या हातात राहिली ती मावशींमुळे. त्या दिवसानंतर चार्ज देताना-घेताना मी मावशींनाही उभं करायला लागले.

नातेवाइकांचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडे तेच अर्धी नर्सिंग करतात. खरगोन, बडवानी, धारहून आलेली माणसं पंधरा-पंधरा दिवस पेशंटच्या पलंगाखाली राहतात. त्यांना शिकवा, त्यात गैर काही नाही: नळीने दूध देताना डोकं ३० ते ४५ अंश वर, दिल्यावर अर्धा-एक तास तसंच ठेवायचं, दर दोन तासांनी कूस. एकदा करून दाखवा, एकदा त्यांच्याकडून करून घ्या. पण सलाइनचा वेग त्यांच्या हाती देऊ नका, आणि अँब्यू बॅग देऊन निघून जाणं तर कधीच नाही. बापाचा श्वास मुलाच्या मुठीवर ठेवायचा, तो दमला आणि बाप गेला तर त्या मुलाने पुढची चाळीस वर्षं काय करायचं? माणसं कमी असतात हे मला पूर्ण माहीत आहे. म्हणूनच ते लेखी कळवा, माणूस मागा.

माझी चूक सांगते. २००७ साल, म्हणजे मी नवखी नव्हते, तेरा वर्षांची नोकरी झाली होती. एका पेशंटच्या मुलाने दवा बाजारातून इन्सुलिनची बाटली आणून दिली. आमच्या वॉर्डात तेव्हा नेहमी मिलिलिटरला ४० युनिटची बाटली आणि त्याच मापाची लाल टोपणाची सिरिंज. हात इतका सवयीचा झालेला की मी बाटलीवरचा आकडा वाचलाच नाही. ती १०० ची होती. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं आणि टोचलं. १० ऐवजी २५ युनिट गेले. पाऊण तासाने बाटली फ्रिजमध्ये ठेवताना नारिंगी पट्टी दिसली आणि माझे पाय गळाले.

त्या क्षणी दोन रस्ते होते. गुपचूप शुगर तपासत राहायचं, किंवा सांगायचं. मी आधी पेशंटकडे गेले. शुगर ५२, घाम फुटलेला, शुद्धीवर होते. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून दिली, डॉक्टरांना फोन केला, पंधरा मिनिटांनी परत तपासली, आणि मग रात्रभर तासातासाला. बेशुद्ध असते तर तोंडाने काहीही द्यायचं नव्हतं, मग शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, १०० मिलिलिटर. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जड गेली. पेशंटला आणि त्यांच्या मुलाला मी स्वतः सांगितलं की माझ्या हातून जास्त इन्सुलिन गेलं. मुलगा खूप चिडला, आणि त्याचं बरोबर होतं. मग मी लिहिलं: किती वाजता, काय, किती, नंतर काय दिसलं, कोणाला कळवलं, काय केलं. कारणमीमांसा नाही, सबबी नाहीत. इन्चार्ज सिस्टरांनी वाचलं आणि विचारलं, "ह्या दोन बाटल्या एकाच खणात कशा काय होत्या?" मला वाटलं होतं मेमो मिळेल. त्या आठवड्यात खण वेगळे झाले आणि नियम झाला की इन्सुलिन भरताना बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. मी लपवलं असतं तर तो खण तसाच राहिला असता.

नोंद चुकली तर तीवर एक रेघ मारा, सही करा, पुढे बरोबर लिहा. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही.

डॉक्टरांच्या ऑर्डरबद्दलही हेच धैर्य लागतं. एकदा ट्रीटमेंट शीटवर लिहिलेलं होतं, केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) एक अँप्युल आयव्ही, म्हणजे शिरेतून. बस एवढंच. त्या १० मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. लिहिणाऱ्याच्या मनात सलाइनमध्ये मिसळून सावकाश हेच होतं, पण कागदावर ते नव्हतं, आणि त्या दिवशी शीट एखाद्या नव्या मुलीच्या हातात असती तर? मॉनिटर नसलेल्या वॉर्डात तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर मी जाऊ देत नाही. फोन करून विचारलं, "सर, किती सलाइनमध्ये, किती तासांत, लिहून देता का?" न समजलेली ऑर्डर पाळणं म्हणजे आज्ञाधारकपणा असं कोणी शिकवलं असेल तर ते विसरा.

रक्ताचंही थोडक्यात. दोघांनी मिळून नाव, नंबर, गट पेशंटच्या हातावरच्या पट्टीशी ताडून बघायचा. रक्तपेढीतून आल्यावर अर्ध्या तासात सुरू, चार तासांत पूर्ण, आणि पहिली पंधरा मिनिटं त्या बेडपासून हलायचं नाही, बाहेर रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक असो नाही तर मंत्री आलेले असोत. हुडहुडी, कंबरदुखी, धाप यांतलं काही दिसलं की रक्त बंद, नवीन सेटने साधी सलाइन चालू, डॉक्टरांना फोन, पिशवी परत रक्तपेढीत.

साहेबांच्या फोनवर मी त्या रात्री बोलले नाही. मेहुण्यांना म्हटलं, "भैया, आपके मरीज़ की साँस ठीक है, मैं बारह बजे आऊँगी।" बाराला दहा कमी असताना गेले, चादर बदलून दिली. कोणाच्या ओळखीचा आहे म्हणून कोणाला त्रासही द्यायचा नाही, हेसुद्धा लक्षात ठेवा. ओळखीच्या पेशंटवर राग काढणारे मी पाहिलेत.

नीतीची खरी परीक्षा मात्र फोन न येणाऱ्या बेडवर होते. रामबागेतले एक आजोबा आमच्याकडे होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मुलाने हात जोडून सांगितलं होतं, बाबांना कळू देऊ नका. त्या वेळी ड्यूटीवर मराठी बोलणारी मी एकटी. एका दुपारी आजोबांनी माझा हात धरला. "बाई, तू आपली आहेस. खरं सांग, मला काय झालंय?"

अशा वेळी "काही नाही हो, बरे व्हाल" हे जिभेवर तयारच असतं. मी ते गिळलं आणि स्टूल ओढून बसले. विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय आजोबा?" ते म्हणाले, "पोरगा डोळ्याला डोळा देत नाही, म्हणजे बरं नसणार." मी सांगितलं, "निदान सांगणं डॉक्टरांचं काम, ते मी तुमच्यापासून हिरावून घेत नाही आणि त्यांच्यापासूनही नाही. पण तुम्ही विचारलंत हे मी त्यांना आजच सांगते. ते बोलतील तेव्हा मी इथे उभी असेन." मग मुलाला व्हरांड्यात गाठलं. त्याला सांगितलं की बाबांना अर्धं कळलेलं आहे आणि ते एकटेच ते ओझं घेऊन पडलेत. संध्याकाळी तिघं बोलले, मी उभी होते. आजोबांनी फक्त दोन गोष्टी मागितल्या, दुखू नये आणि घरी जायचंय. खोटं बोलू नका, आणि आपल्या अधिकाराबाहेरचं खरंही एकट्याने ओतून मोकळे होऊ नका. विचारणाऱ्याला बरोबर माणसापर्यंत त्याच दिवशी पोचवा.

अंगठा घेण्याबाबतही सांगायला हवं. साक्षीदार म्हणून सही करताना मी पेशंटला विचारते, "डॉक्टर साहब क्या करने वाले हैं, मुझे बताओ।" बारेली ही आदिवासी बोली बोलणारा माणूस हिंदी फॉर्मवर अंगठा देतो, पण त्याला पाय कापणार आहेत हे कळलेलं नसतं, असं घडताना मी पाहिलं आहे. सांगता आलं नाही तर मी सही करत नाही, डॉक्टरांना परत बोलावते, भाषा येणारा माणूस शोधते. आणि एचआयव्ही असलेल्या पेशंटच्या बेडवर लाल खूण, फाइलवर मोठी अक्षरं, नातेवाइकांसमोर कुजबुज, हे काही चालणार नाही. २०१७ चा कायदा ते गुपित राखायला सांगतो. हातमोजे सगळ्यांसाठी घाला म्हणजे खुणेची गरजच उरत नाही.

"आता काही करू नका" असं कोणी कानात सांगितलं तर त्यावर वागू नका, तो निर्णय डॉक्टरांनी पेशंटशी किंवा घरच्यांशी बोलून कागदावर आणलेला हवा. मुंबईच्या केईएममधल्या अरुणा शानबाग आपल्याच व्यवसायातल्या. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि २०१५ मध्ये त्या गेल्या, तोवर त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं हे तिथल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी केलं. त्यांच्याच प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट आखून दिली, आणि २०१८ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात माणसाने आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला मान्यता दिली. आपल्यासाठी याचा अर्थ रोजचा आहे: उपचार थांबले तरी तोंड ओलं करणं, कूस बदलणं, वेदनेचं औषध वेळेवर देणं थांबत नाही. असा पेशंट माझ्या यादीत शेवटी जात नाही.

सकाळी चार्ज देताना टेबलाशी बसून वही वाचू नका. बेडशेजारी उभं राहून द्या, पेशंट ऐकत असतो, चुकलं तर तोच दुरुस्त करतो. सगळं सांगून झाल्यावर येणाऱ्याने जाणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा: यातल्या कोणाची तुला काळजी वाटते, आकडे काहीही असोत?

त्या अनंत चतुर्दशीनंतरच्या सकाळी अडकलेली सिस्टर सातला पोचली, चपला हातात, पाय चिखलाने भरलेले. तिने विचारलं. मी उत्तर देण्याआधी माझी ज्युनिअर म्हणाली, "बेड ११. बीपी ठीक आहे, ताप नाही. पण काल रात्री नऊला ते मला त्यांच्या नातीचं लग्न सांगत होते, आज सकाळी नुसतेच बघतायत." बॅगा टेबलावर ठेवून आम्ही तिघी ११ कडे गेलो.